आयता मिळालेला ‘ण’ : आंतरवासितेतलं एक प्रकरण

तिसरा तास, इयत्ता आठवी, मराठी. मी शेवटच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसले होते. आमच्या छात्राध्यापिकेने, म्हणजे शाळेत सरावाला आलेल्या बी.एड.च्या विद्यार्थिनीने, दुष्काळावरचा एक छोटा उतारा स्वतः लिहून, झेरॉक्स काढून मुलांना वाटला होता आणि ती प्रकट वाचन घेत होती. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. घाई नाही, अडखळणं नाही. स्वल्पविरामाला थांबत, वाक्याचा अर्थ कळून ती वाचत होती. ‘विहिरीत पानी नव्हतं आनि कोनी कोनाला विचारत नव्हतं.’

‘पाणी,’ बाई म्हणाल्या. ‘ण. जीभ वर वळव. पाऽणी.’

मुलगी म्हणाली, ‘पानी.’

‘पाणी. आणि. कोणी. कोणाला. परत वाच.’

तिसऱ्या वेळी वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, हे मी मुद्दाम नोंदवते. ‘हसू नका, शिकतेय ती,’ असंही त्या म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. मुलगी खाली बसली. तिने त्या कागदाची घडी घातली, घडीवर आणखी एक घडी घातली आणि तो कंपासपेटीत ठेवून दिला. तास संपेपर्यंत तिचा हात वर आला नाही. पुढचे नऊ दिवसही आला नाही.

प्रकरण म्हणून सांगायचं तर एवढंच घडलं. कुणी कुणाला मारलं नाही, जातीचा उच्चार झाला नाही, वाईट हेतू तर नव्हताच. कुठल्याही तक्रार पेटीत याची चिठ्ठी पडणार नाही. बी.एड. महाविद्यालयात शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. असे शेकडो तास मी मागच्या बाकावरून पाहिले असतील आणि ‘फलकलेखन चांगले, प्रश्न विचारण्याचे कौशल्य सुधारावे’ असं लिहून खाली सही केली असेल. या वेळी सही करता आली नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आमचं महाविद्यालय सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यातले वीस आठवडे आंतरवासिता म्हणून शाळेत काढायचे ठरले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. ही छात्राध्यापिका दुसऱ्या वर्षाला होती. एम.ए. मराठी, वाचन दांडगं, मुलांविषयी माया. आजोबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आई घरी शिकवण्या घेणारी, वडील पतसंस्थेत कारकून. घर ब्राह्मणाचं. ही शेवटची माहिती प्रकरणात लिहू की नको, यावर माझं आणि तिचं बोलणं झालं. ‘लिहा मॅडम,’ ती म्हणाली. ‘बाकी सगळ्यांची जात आपण लिहितोच.’

त्या तासाच्या दहा दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, त्याच शाळेच्या परिपाठात तिने भाषण केलं होतं. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली आठवण तिने सांगितली. वर्गात बसायला घरून आणलेलं गोणपाट, नळाला हात लावायची बंदी, शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं. फार सुंदर बोलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या रांगेतली ती मुलगीही त्या पटांगणात बसली होती.

वाचनाचा तो तास झाला त्या संध्याकाळी छात्राध्यापिका चिंतन वही सहीला घेऊन आली. त्या तासाखाली लिहिलं होतं : ‘एका विद्यार्थिनीचे उच्चार अत्यंत अशुद्ध. घरी शैक्षणिक वातावरण नसावे. अशा मुलांसाठी उच्चार-सराव घेणे आवश्यक.’ मी ‘नसावे’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ‘हे कशावरून?’

‘उच्चारांवरून कळतंच ना, मॅडम.’

‘आणखी कशावरून?’

ती जरा थांबली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. ‘हजेरी घेताना आडनाव लक्षात आलं होतं. आणि मागच्या आठवड्यात शिष्यवृत्तीची नोटीस मीच वाचून दाखवली, तेव्हा तिने हात वर केला होता.’

ज्यांना शाळेचं आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कार्यालयातून शिपाई चालू तासाला नोटीस घेऊन येतो. बाई ती मोठ्याने वाचतात : अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांनी जातीच्या दाखल्याची झेरॉक्स अमुक तारखेपर्यंत जमा करावी. मग ‘कोण कोण आहे, हात वर करा’. हात वर होतात, बाई मोजतात, आकडा नोटिशीच्या मागे लिहून शिपायाकडे देतात. दीड मिनिटाचं काम. त्या दीड मिनिटात सगळ्या वर्गाला सगळ्यांची जात कळते आणि वर्षभर कळलेली राहते. ज्यांना हात वर करावा लागत नाही ती मुलं तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात. त्यांच्या आयुष्यात त्या दीड मिनिटाची नोंदच होत नाही.

मी माझी निरीक्षण वही तिच्यापुढे ठेवली. त्या मुलीच्या आधी पहिल्या बाकावरच्या एका मुलाने वाचलं होतं. त्याने दोनदा ‘आनि’ म्हटलं होतं आणि एकदा ‘इहिरीत’. मी वेळेसकट लिहून ठेवलं होतं. बाईंनी त्याला एकदाही थांबवलं नव्हतं. ‘छान, आवाज मोठा आहे,’ म्हणाल्या होत्या.

ती वही तिने बराच वेळ हातात धरून ठेवली. ‘मला ऐकूच आलं नाही, मॅडम. खरंच. त्याचं ऐकूच आलं नाही.’

या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. तिने दुजाभाव ठरवून केला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. पण ठरवून केलेल्या गोष्टीला बोट दाखवता येतं. इथे कानानेच निवड केली होती. एका मुलाचा ‘न’ कानाने बोलीभाषा म्हणून सोडून दिला आणि एका मुलीचा ‘न’ दोष म्हणून पकडला. तासाआधीच्या आठ दिवसांत त्या कानाला आडनाव आणि वर झालेला हात, एवढीच माहिती मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ती तयारी करून आली. ‘मॅडम, हा जातीचा प्रश्न नाही, बोलीचा आहे. वऱ्हाडात घरोघर पानीच म्हणतात.’ बरोबर होतं. ‘न’ आणि ‘ण’ यांची सरहद्द जातीवर आखलेली नाही. ती प्रदेशावर आहे, शिक्षणावर आहे, थोडी वयावरही आहे. मग तिच्या मनातलं बाहेर आलं. ‘आणि मला काय मिळालं? मी ओपन. फी पूर्ण भरली, सवलत एक रुपयाची नाही. टीईटी काढली, आता भरती कधी निघेल त्याची वाट बघायची. बाबांनी कर्ज काढलंय. मी कुणाचं काय घेतलं?’

हा राग मी खोटा मानत नाही. तिच्या वडिलांचा पगार मला माहीत आहे. आणि जन्माने मिळालेल्या फायद्याची गोष्ट काढली की पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून मी इथे थांबते. तिला कष्ट पडले नाहीत असं कुणी म्हणत नव्हतं. तिच्या रस्त्यात दगड होते. पण काही दगड तिच्या रस्त्यात कधी नव्हतेच, आणि जो दगड नव्हता तो दिसणार कसा? मी तिला एकच विचारलं : ‘ण म्हणायला तू किती दिवस घेतलेस?’

ती हसली. ‘ण काय शिकावा लागतो?’

‘मला लागला,’ मी म्हणाले.

तो शिकायला मला दोन वर्षं लागली. आमच्या घरी शेती, भाषा शेतातली. डी.एड.ला असताना वर्गपाठात मी ‘कनिस’ म्हणाले आणि तास संपेपर्यंत मागची रांग ‘कनिस, कनिस’ करत होती. खोलीवर दार लावून मी पाण्याचा, लोण्याचा, दाण्याचा ‘ण’ घोटला. तो तिला पाळण्यातच मिळाला होता, आजीच्या अंगाईबरोबर. त्यात तिचा काही दोष नाही. पण जे आयतं मिळालं ते आपण कमावलं असं वाटायला लागलं, की ज्याच्याकडे ते नाही तो आळशी वाटायला लागतो. वहीत तिने हेच लिहिलं होतं, फक्त सभ्य शब्दांत : घरी वातावरण नसावे.

ते वातावरण बघायला ती गेली. माझ्या सांगण्यावरून नाही. वर्गशिक्षक सर गृहभेटींना निघाले होते, त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसली. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. या वस्तीच्या कमानीवरही नवं नाव आहे, मात्र रस्ता विचारला तर चौकातला माणूस जुनंच नाव सांगतो. मुलीचे वडील एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक. घरात दोन खोल्या. पुढच्या खोलीत फडताळ, आणि फडताळात शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, जाडजूड, प्लास्टिकचं वेष्टन घातलेले. विहारात वडिलांनी आणि चार मित्रांनी वाचनालय चालवलेलं. आजीला वाचण्याइतकं दिसत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ही मुलगी तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवते, पहिल्या पानापासून. त्या वाचनाची तिला चार वर्षांची सवय होती. वर्गात ती इतकी ठाम का वाचत होती, ते तेव्हा उलगडलं.

आजीने पाणी आणून दिलं. ‘पानी घ्या, बाई.’

परतल्यावर आमच्या मुलीने, म्हणजे छात्राध्यापिकेने, वहीतलं ‘घरी शैक्षणिक वातावरण नसावे’ हे वाक्य खोडलं नाही. त्याच्यापुढे तारीख घालून लिहिलं : ‘हे मी न बघता लिहिले. माझ्या घरी एवढी पुस्तके नाहीत.’

त्यानंतर मी तिला एक काम दिलं, जे मी बरीच वर्षं वर्गात फक्त पुस्तकी पद्धतीने शिकवत आले होते. अमेरिकेत शिक्षक-प्रशिक्षणात गोऱ्या विद्यार्थ्यांकडून ते करून घेतात. तिथल्या सरकारी शाळांत दर दहा शिक्षकांपैकी जवळपास आठ गोरे आहेत आणि मुलांत निम्म्याहून जास्त गोरी नाहीत, त्यामुळे उद्याच्या शिक्षकाने आधी स्वतःच्या रंगाकडे बघावं असा तिथे आग्रह धरतात. १९८८ साली वेलस्ली महाविद्यालयातल्या पेगी मॅकिन्टॉश या गोऱ्या अभ्यासक बाईंनी स्वतःची यादी केली होती : गोरं असल्यामुळे रोजच्या जगण्यात न मागता काय काय मिळतं. पुरुष बायकांचं दुःख मान्य करतात पण स्वतःचा फायदा मान्य करत नाहीत, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. मग तेच आपण काळ्या बायकांशी करतो का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. वंश आणि जात एक नाही, हे मी वर्गात नेहमी बजावते. पण हे दोन प्रश्न एकमेकांशेजारी ठेवून बघण्याची रीत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केलं म्हणून.

तिची यादी आली ती वहीच्या चार पानांची होती. सगळी इथे देत नाही. हजेरीत माझं आडनाव आलं की कुठल्याच शिक्षकांनी मान वर करून बघितलं नाही. पाठ्यपुस्तकातली भाषा माझ्या आजीची भाषा आहे. नवीन ओळखीत ‘कुठले आपण?’ विचारतात तेव्हा मी खरं गाव सांगते आणि प्रश्न तिथेच संपतो. शाळेतली सरस्वती आणि आमच्या देव्हाऱ्यातली सरस्वती एकच. मला चांगले गुण मिळाले की लोक हुशार म्हणाले, ‘सवलतीचे असतील’ असं कुणी म्हणालं नाही. चालू तासाला मला कधी हात वर करावा लागला नाही. शेवटचं तिने पुन्हा लिहून त्याखाली जोडलं होतं : ‘पण करायला लावला.’

‘मॅडम, तुमची यादी?’ तिने विचारलं. विचारायचा तिला हक्क होता.

मी सांगितली. ‘ण’साठी हसू सोसलेली मी, पण आमचं घर गावात होतं, वस्तीवर नव्हतं. ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटकी कपबशी असायची. रानात कामाला येणाऱ्या काही बायांना चहा त्यातच मिळायचा, आणि पिऊन झाल्यावर ती त्यांनीच विसळून पालथी ठेवायची. त्यांच्यातल्या एकीची मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या आईची कपबशी वेगळी आहे हे मला माहीत होतं आणि त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला दहावीपर्यंत वाटलं नाही. मला हसलेली रांग आजही आठवते. माझ्या वर्गमैत्रिणीला त्या कोनाड्याबद्दल काय वाटत असेल, हा प्रश्न मात्र मला चाळिशीत पडला.

या सगळ्यात एक जुना खटला मला फार उपयोगी पडला, म्हणून त्यावर थोडं. मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग प्राथमिक शाळेत बहुतेक मुलं खात्यापित्या गोऱ्या घरांतली, आणि जवळच्या गृहप्रकल्पातली काही गरीब काळी मुलं. ही मुलं वाचनात मागे पडत होती. शाळेने त्यांच्यातल्या काहींवर शिकण्यातल्या दोषाचे शिक्के मारले. त्यांच्या आया न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मुलं घरी जी इंग्रजी बोलतात ती नियमबद्ध भाषा आहे, ती भाषा हा अडसर नव्हे, तिच्याकडे बघण्याची शिक्षकांची नकळत घडलेली दृष्टी हा अडसर आहे. शिक्षकांनी मुलांची घरची भाषा ओळखायला शिकावं आणि त्या ज्ञानाचा उपयोग प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवण्यासाठी करावा, अशी योजना त्यांनी शिक्षण मंडळाला करायला लावली. प्रमाण इंग्रजी शिकवू नका, असं ते म्हणाले नाहीत. प्रशिक्षणाला मुलांना पाठवलं नाही, शिक्षकांना पाठवलं.

आपल्याकडच्या प्रमाण मराठीलाही जन्मतारीख आहे. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू या इंग्रजांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यांच्या हाताखाली ब्राह्मण पंडित होते, आणि कुठला शब्द शिष्ट, कुठला गावंढळ याची चाळण त्यांच्या कानांनी झाली. पुढे शाळाखात्याची क्रमिक पुस्तकं आली, ती लिहिणारेही बहुतेक त्याच घरांतले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत फुल्यांच्या लेखनाची जी खिल्ली उडवली, त्यात व्याकरणही होतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही माणूस काय सांगतोय याआधी तो ‘ण’ नीट म्हणतोय का, हे बघितलं जात होतं. हे मी आमच्या मुलीला सांगितलं तेव्हा तिला चिपळूणकरांचं गद्य पाठ येत होतं. ती म्हणाली, ‘हे आम्हाला एम.ए.ला शैलीची उदाहरणं म्हणून होतं.’

आता माझी बाजू, कारण प्रकरण तिच्या एकटीचं नाही. आमच्या पाठ निरीक्षण तक्त्यात एक रकाना आहे : ‘भाषा व उच्चारशुद्धता’. त्याला गुण आहेत. मी कपाटातून जुने तक्ते काढले आणि दोन रात्री ते बघत बसले. आदिवासी पाड्यांवरून, वस्त्यांवरून, तांड्यांवरून आलेल्या आमच्या छात्राध्यापकांचे त्या रकान्यातले गुण माझ्याच अक्षरात होते. त्यातले काही आज उत्तम शिक्षक आहेत, मुलं त्यांच्यावर जीव टाकतात. त्यांच्या कागदांवर मी ‘उच्चारांकडे लक्ष द्यावे’ असं लिहिलं आहे, आणि आमच्या या मुलीच्या पहिल्या वर्षाच्या तक्त्यावर ‘उच्चार अत्यंत शुद्ध, आदर्श’. खोलीवर दार लावून घोटलेला ‘ण’ मी इतरांवर मोजपट्टी म्हणून वापरत होते. जे मला कष्टाने मिळालं त्याचं मोल मला जास्त वाटत होतं, हे त्यामागचं कारण असावं. कारण कळलं म्हणून ते गुण परत देता येत नाहीत.

तिने एक दिवस येऊन सांगितलं, ‘मी वर्गासमोर तिची माफी मागणार आहे.’ मी नको म्हणाले. आमचं यावर बरंच वाजलं. तिला वाटत होतं की मी शाळेशी वाद टाळतेय. मला दिसत होतं ते असं : त्या तेरा वर्षांच्या मुलीला पुन्हा एकदा वर्गासमोर उभं राहावं लागेल. या वेळी बाईंचं मन हलकं व्हावं म्हणून. आणि बाई रडल्या तर तिलाच ‘असू द्या बाई’ म्हणावं लागेल. माफी मागायचीच तर ती शिकवण्यात मागावी, असं मी म्हटलं. ती रागावून गेली. मी बरोबर होते की नाही, याची मला पूर्ण खात्री आजही नाही.

दोन दिवसांनी ती नवीन पाठ टाचण घेऊन आली. घटक : ‘पाणी’. एकच शब्द. मुलांनी आपापल्या घरी पाण्याला काय म्हणतात ते सांगायचं, आणि ती फळ्यावर लिहिणार, जसं म्हटलं तसं. पाणी. पानी. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा सहा महिन्यांसाठी त्या वर्गात होता, तो तांड्यावरचा, त्याने गोरबोलीतला, म्हणजे बंजारा बोलीतला शब्द सांगितला. एकीची आई निपाणीकडची, तिने ‘नीरु’ सांगितलं. एका मुलाने उर्दू सांगितलं : पानी. मग एकदम पहिल्या बाकावरचाच, आधी वाचलेला मुलगा उभा राहिला. ‘बाई, हिंदीतपण पानीच. पाचव्या तासाला पाणी म्हटलं तर सर चूक देतात.’

वर्ग पुन्हा हसला, पण हे हसणं वेगळं होतं. एकच शब्द तिसऱ्या तासाला चूक आणि पाचव्या तासाला बरोबर, हे सगळ्यांना एकाच वेळी दिसलं होतं. बाईंनी ते तिथे सोडलं नाही. जिभेचं टोक टाळूला कुठे लागलं की ‘ण’ होतो, दाताला कुठे लागलं की ‘न’, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं. परीक्षेच्या कागदावर ‘पाणी’ लिहायचं, हे स्पष्ट सांगितलं, कारण गुण देणारा माणूस तेच शोधणार. मराठी लेखनाचे नियम कुणी आणि कधी केले, हेही सांगितलं : साहित्य महामंडळाने, १९६२ साली. नियम माणसांनी केले आहेत, ते शिकून घ्यायचे. घरी आजीशी बोलताना ते लावायचे नाहीत. माझं मत विचाराल तर याच ठिकाणी अनेक सद्भावी शिक्षक चुकतात. ‘त्यांची बोली सुंदर आहे’ म्हणून प्रमाण मराठी शिकवायचीच नाही, म्हणजे आपल्या मुलांना शिकवायची आणि त्यांच्या मुलांना नाही. ज्याला तो ‘ण’ आयता मिळाला नाही त्याला तो नीट, मान राखून, भरपूर सरावाने शिकवणं हे तर शिक्षकाचं काम.

तिसऱ्या रांगेतली मुलगी त्या तासाला बोलली नाही. दहाव्या दिवशी एका प्रश्नाला हात अर्धा वर आला, बाईंनी तो बघितला, घाई केली नाही, दुसऱ्याचं उत्तर घेऊन मग तिच्याकडे वळल्या. तिने दोन वाक्यांत उत्तर दिलं. बरोबर होतं. पुढच्या आठवड्यात तिने वाचलं. आधीपेक्षा हळू आवाजात, प्रत्येक ‘ण’च्या आधी किंचित थांबत. आधीची ती ठाम चाल मला त्यानंतर ऐकू आली नाही. कदाचित संध्याकाळी आजीसमोर वाचताना ती तशीच असेल.

महाविद्यालयात मी तक्त्याचा विषय काढला. एका सहकारी सरांचं म्हणणं पडलं, ‘उद्या गणिताच्या तासाला चुकीची बेरीजही बोली म्हणायची का?’ तक्ता विद्यापीठाचा, त्यातला रकाना आम्हाला काढता येत नाही. आमच्या अंतर्गत निरीक्षण पत्रकात एक ओळ वाढवली : कुणाला प्रश्न विचारले, कुणाला थांबवलं, कुणाला थांबवलं नाही, बाकांप्रमाणे नोंद. एवढं झालं. नोटिशीचं आमच्या मुलीने स्वतःपुरतं सोडवलं. शिपाई आला की ती नोटीस वहीत ठेवायची आणि मधल्या सुट्टीत वर्गशिक्षकांच्या यादीवरून एकेका घरी चिठ्ठी पाठवायची, बंद पाकिटात, फी आणि सहलीच्या चिठ्ठ्या जशा सगळ्यांना जातात तशी. तिची आंतरवासिता संपली. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात एका विनाअनुदानित शाळेत तासिकेवर आहे.

परवा मी त्याच शाळेत गेले होते. वर्ग नववीचा, मुलं तीच, समोर या वर्षाचा आमचा नवा छात्राध्यापक. पाठ चांगला चालला होता. वीस मिनिटं झाली असतील, शिपाई दारात आला, हातात नोटीस. त्याने ती घेतली, फळ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मोठ्याने वाचली. ‘चला, कोण कोण आहे, हात वर करा.’ तिसऱ्या रांगेत तिचा हात वर गेला. मी याला या नोटिशीबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं.